जपानी ठसाचित्रातलं घर कसं वाचावं

सुझुकी हारुनोबुचं 1765 सालचं एक चित्र आहे. अचानक सर आली आहे आणि एक मुलगी दांडीवरचं धुणं काढायला धावत सुटली आहे. घाईत एका पायातली लाकडी खडाव मागेच राहिली. दांडीवर लोंबणाऱ्या किमोनोवर काही अक्षरं दिसतात. नक्षी असेल, असं वाटून आपण पुढे जातो. पण त्या अक्षरांत वर्ष लिहिलेलं आहे, आणि त्या वर्षी तीस दिवसांचे महिने कोणते तेही: दुसरा, तिसरा, पाचवा, सहावा, आठवा, दहावा. तेव्हा पंचांग छापायचा परवाना ठरावीक प्रकाशकांनाच होता, म्हणून हौशी मंडळींनी महिने धुण्यात लपवले. चांद्र महिना कधी एकोणतीस दिवसांचा असतो तर कधी तीस, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

उकियो-ए म्हणजे एडो काळातल्या (1603 ते 1868) लाकडी ठशांच्या चित्रांत असली घरगुती दृश्यं हजारोंनी सापडतात. कुणी केस विंचरतंय, कुणी मुलाला पाजतंय, कुणी शिवतंय, कुणी चुलीवर फुंकणी मारतंय. बघायला गोड, आणि इथेच फसगत होते. ‘आई आणि मूल’, ‘स्वयंपाकघर’ असं म्हणून आपण पान उलटतो. या चित्रांतले चेहरे जवळजवळ सारखेच असतात: लांबट अंडाकृती चेहरा, रेघेएवढे डोळे, बारीक ओठ. चेहऱ्यावर भाव शोधत बसलात तर हाती काही लागत नाही. जे सांगायचं ते वस्तू, कपड्यांच्या गाठी आणि हातांच्या हालचाली सांगतात. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा नियम एकच: चेहरा शेवटी.

तयारी: चित्र पूर्ण आहे का?

मोबाइलवर फिरणाऱ्या कापलेल्या प्रतीवर वेळ घालवू नका. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो, बॉस्टनचं म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स आणि वॉशिंग्टनचं लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्या संकेतस्थळांवर मोठ्या आकारातल्या प्रती फुकट बघता येतात. हाताशी नुसतं चित्र असेल आणि नाव माहीत नसेल, तर उकियो-ए डॉट ऑर्गवर ते चढवा. निरनिराळ्या संग्रहालयांतल्या त्याच चित्राच्या प्रती एकाखाली एक मिळतात. संग्रहालयांनी दिलेली इंग्रजी शीर्षकं बरेचदा तिथल्या अभ्यासकांनी सोयीसाठी बेतलेली असतात, म्हणून शोध घेताना जपानी शीर्षक वापरावं.

मग आकार बघा. ओबान साधारण 39 × 26 सेंटिमीटर, चुबान त्याच्या निम्मा, आणि हाशिरा-ए म्हणजे घराच्या खांबावर लावायची अरुंद पट्टी, सुमारे 70 × 12 सेंटिमीटर. खांबपट्टीतली बाई दोन्ही बाजूंनी कापल्यासारखी दिसते, पण ती तशीच रचलेली असते. ओबानच्या कडेला मात्र रजईचा कोपरा, कुणाचा पाय किंवा अर्धी शेगडी तुटलेली दिसली, तर शेजारचा कागद हरवला आहे असं समजावं. दोन किंवा तीन कागद जोडून एक दृश्य करण्याची पद्धत होती. प्रत्येक कागद सुटा विकला जाई आणि पुढे संग्रहांत ते विखुरले. जोडचित्र उजवीकडून डावीकडे वाचायचं. ही दिशा चुकली तर स्वयंपाकाचा क्रमच उलटा होतो.

म्युझियमची टीप उघडण्याआधी वीस मिनिटं घ्या आणि दिसणाऱ्या वस्तूंची यादी कागदावर लिहा. नाव माहीत नसेल तर ‘दोन कान असलेली बुटकी परात’ असं वर्णन करा. दहा वस्तू होईपर्यंत थांबू नका. बहुतेकांची गाडी चार-पाचवर अडते, कारण एव्हाना डोळा पुन्हा चेहऱ्याकडे वळलेला असतो.

बाई कोण आहे?

हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवावा लागतो. दिसायला घर असलेली खोली घरच असेल असं नाही. उकियो-एचा मोठा धंदा एडो शहरातल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, योशिवारा या परवानाधारक वस्तीतल्या गणिकांच्या चित्रांवर चाले, आणि तिथल्या खोल्यांतही आरसा, शेगडी, मांजर, मच्छरदाणी सगळं असे.

कमरेच्या पट्ट्यापासून, म्हणजे ओबीपासून, सुरुवात करा. गाठ पुढे असेल तर गणिका आणि मागे असेल तर घरची बाई, असा ठोकताळा सगळीकडे वाचायला मिळतो. तो अर्धवट आहे. अठराव्या शतकात पुष्कळ विवाहित आणि वयस्क बायका गाठ पुढेच बांधत. त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नका, केसांकडे जा. डोक्यात कासवपाठीच्या पिनांचा पंखाच उघडलाय, दोन-तीन मोठे कंगवे खोचलेत आणि वर पुढे भली मोठी गाठ आहे, असं असेल तर ती वरच्या दर्जाची गणिका. एक कंगवा, एक-दोन पिना आणि ओबी मागे, तर गेइशा किंवा नगरातली बाई.

त्यापुढे भुवया. लग्नानंतर, बहुतेक करून मूल होण्याच्या सुमारास, नगरातली स्त्री भुवया काढून टाकत असे. चित्रात त्या जागी काहीच नसतं किंवा फिकट निळसर छटा असते. ही खूण सहसा दगा देत नाही. भुवया नाहीत आणि मांडीवर मूल आहे, तर ती गृहिणी. भुवया आहेत, मूलही आहे आणि बाहीची झूल जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबते, तर ती बहुधा अविवाहित मोठी बहीण किंवा मूल सांभाळणारी मुलगी. लांब झुलीच्या बाह्या लग्नाआधीच्या, लग्नानंतर त्या आखूड होत.

दात बघायला चित्र मोठं करावं लागतं. अर्धवट उघड्या ओठांत काळी रेघ दिसली तर ती छपाईची चूक समजू नका. ओहागुरो म्हणजे काळे केलेले दात हे विवाहित स्त्रीचं लक्षण. पण योशिवारातल्या गणिकाही दात काळे करत, म्हणून दात आणि भुवया एकत्र वाचायच्या. लोखंडाचे तुकडे आंबट पाण्यात मुरवून केलेला काळपट द्राव आणि झाडावरच्या गाठींची तुरट पूड आलटून पालटून दातांवर लावत. लोह आणि टॅनिन एकत्र आलं की काळं होतं. हिराकस आणि हिरड्याचं दातवण लावून दात काळे करण्याची आपल्याकडची जुनी रीत याच रसायनावर चालायची. चित्रात दोन कान असलेली बुटकी परात, तिच्यावर आडवी धातूची पट्टी आणि बाजूला छोटी वाटी नि कुंचला असा संच दिसला, तर ती तोंड धुवायची तयारी नाही, दात काळे करायची आहे.

मुलांची खूण सोपी. डोकं तासलेलं आणि मध्ये किंवा कानांवर केसांचे दोन-चार झुपके राखलेले, तर तान्हं किंवा अगदी लहान मूल. पोटावर फक्त एक कापडी पट्टा बांधून उघडं फिरणारं गुटगुटीत पोर दिसलं तर उन्हाळा समजायला हरकत नाही.

वस्तू कशा वाचायच्या

आता लिहिलेली यादी पुढे ओढा आणि वस्तू चार कामांत वाटा: विस्तव, पाणी, कापड, उजेड.

विस्तवाच्या गटात हिबाची सगळ्यात जास्त वेळा दिसते. ही राखेत निखारे ठेवायची शेगडी, वर किटली, राखेत खोचलेला धातूच्या काड्यांचा चिमटा. लांबट लाकडी पेटीला ड्रॉवर असतील तर ती नागाहिबाची. तिच्या एका टोकाच्या फळीला ‘मांजराची फळी’ म्हणत, कारण ऊब घ्यायला मांजर तिथेच बसे. कोतात्सु म्हणजे निखाऱ्यावर लाकडी चौकट ठेवून वर टाकलेली रजई. तिच्यात पाय घालून बसलेली माणसं दिसली की थंडी नक्की. तंबाखूची तबकडी प्रत्येक खोलीत असते. तिच्यातही निखारा, राख झटकायला बांबूचं नळकांडं आणि वाटाण्याएवढी चिलीम असलेली लांब नळी. ही वस्तू घरातही असते आणि गणिकेच्या खोलीतही, म्हणून पुरावा म्हणून तिला शून्य गुण.

स्वयंपाकासाठी कितागावा उतामारो या चित्रकाराचं सुमारे 1795 चं दोन कागदांचं ‘स्वयंपाकघर’ समोर ठेवा. मातीच्या चुलीपुढे बसलेली बाई बांबूची फुंकणी मारते आहे. नळी, फुंक, धुराने चुरचुरणारे डोळे, सगळं आपल्या जुन्या चुलीपुढच्या दृश्यासारखं. वर वाफाळणारं भांडं आहे. दुसऱ्या कागदावर एक बाई भाजी सोलते आणि दुसरी भांडं पुसताना पाठीशी झोंबलेल्या पोराला सांभाळते. यात उंची बघा. चिरणं, सोलणं, धुणं सगळं जमिनीलगत बसून चाललंय. ओटा नाही, जेवायचं सामायिक टेबलही नाही. प्रत्येकाचं जेवण वेगळ्या बुटक्या तबकावर येई. घडीच्या पायांचं गोल बुटकं टेबल, ज्याला चाबुदाई म्हणतात, कुटुंबाच्या मध्ये मांडलेलं दिसलं तर ते चित्र एडो काळातलं असू शकत नाही. ते टेबल घरोघरी आलं मेइजी काळानंतर (मेइजी म्हणजे 1868 ते 1912).

पाण्याच्या गटात एक गैरसमज होतो. आंघोळीची चित्रं पुष्कळ, म्हणून घरोघरी न्हाणीघर असेल असं वाटतं. एडोत आगीची धास्ती कायम असे. 1657 च्या मेइरेकीच्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला होता. पाणी आणि सरपणही महाग. सामान्य माणूस सार्वजनिक स्नानगृहात जाई. तोरी कियोनागाचं सुमारे 1787 चं स्त्रियांच्या स्नानगृहाचं जोडचित्र याच विषयाचं. त्याची एक प्रत चित्रकार देगाकडे होती आणि आता ती बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. रस्त्यातून घरी येणाऱ्या बाईने दातांत छोटी कापडी पिशवी धरली असेल, तर तिच्यात तांदळाचा कोंडा आहे, साबणाच्या जागी अंग घासायला. खांद्यावर सुती पंचा, अंगावर हलका सुती किमोनो, दातांत पिशवी: ती नुकतीच आंघोळ करून आली आहे. घरातली मोठी लाकडी घंगाळं धुण्याची, मुलांना न्हाऊ घालायची किंवा उन्हाळ्यात अंगणात अंग धुवायची असतात.

कापडाचा गट सगळ्यात श्रीमंत, आणि इथे बहुतेक वाचक चुकतात. घरात मांडलेल्या लांब फळ्यांवर कापडाच्या पट्ट्या चिकटवलेल्या दिसल्या की ‘कापड रंगवणारे कारागीर’ असा अंदाज होतो. ते धुणं आहे. चांगला किमोनो धुवायचा म्हणजे आधी शिवण उसवून त्याच्या सरळ पट्ट्या सुट्या करायच्या, धुवायच्या, खळ लावायची, फळीवर सपाट चिकटवून किंवा बांबूच्या टोकदार काड्यांनी ताणून वाळवायच्या आणि पुन्हा शिवायच्या. किमोनो सरळ पट्ट्यांचाच बेतलेला असल्यामुळे हे जमतं. एक कपडा धुणं म्हणजे तो पुन्हा शिवणं. म्हणून या चित्रांत सुईदोरा इतका दिसतो. छोट्या खांबासारख्या बैठकीवर मऊ गोळा लावलेला असतो. तिला कापडाचं एक टोक अडकवून ताण देतात, म्हणजे एक हात मोकळा राहतो. कोळसे घातलेलं लांब दांड्याचं पितळी पातेलं दिसलं तर ती इस्त्री. दगडी किंवा लाकडी ठोकळ्यावर मोगरीने कापड बडवणं म्हणजे कुंदी. जपानी कवितेत तो आवाज शरद ऋतूचा, दूर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहण्याचा.

उतामारोच्या शिवणकामाच्या तीन कागदी चित्रात एक बाई झिरझिरीत कापड उजेडात धरून त्यातला दोष शोधते आहे. त्या कापडाआडून पलीकडचं दिसतं, आणि एका कोपऱ्यात पोरगं मांजराला आरसा दाखवून छळतंय. पारदर्शक कापड छापणं ही कोरणाऱ्याची आणि छापणाऱ्याची परीक्षा. मच्छरदाणी त्याहून कठीण. जाळीच्या केसाएवढ्या रेषा रानटी चेरीच्या कठीण लाकडात उठावाने कोरायच्या. अनेकदा उभ्या रेषांचा एक ठोकळा आणि आडव्या रेषांचा दुसरा करतात, आणि दोन्ही एकावर एक अचूक बसले तरच जाळी होते. जरा सरकलं की जाळीच्या जागी धूसर डाग. चित्र मोठं करून जाळीचे चौकोन तपासा: कडा स्वच्छ असतील तर प्रत लवकरच्या छपाईची. ठोकळे झिजल्यावर काढलेल्या प्रतींत पहिल्यांदा या रेषा मरतात आणि मग कपाळाजवळच्या केसांच्या. मच्छरदाणी हिरवी आणि तिच्या कडा लाल असतात.

उजेडासाठी आंदोन, म्हणजे लाकडी चौकटीवर कागद लावलेला दिवा. आत पसरट वाटीत तेल आणि वात. बहुधा मोहरीच्या कुळातल्या बियांचं तेल, आणि गरिबाकडे उग्र वासाचं माशाचं. त्याचा उजेड आजच्या मानाने अगदी मंद. पण चित्रात रात्रही दिवसासारखी स्वच्छ दिसते, कारण उकियो-एत सावल्या जवळजवळ नसतातच. रात्र आहे हे फक्त वस्तूंवरून कळतं: दिवा, मच्छरदाणी, केशरचना मोडू नये म्हणून मानेखाली घ्यायची पेटीसारखी उशी. उतामारोच्या एका घड्याळमालिकेत ‘उंदराची घटिका’, म्हणजे मध्यरात्र, आहे. मच्छरदाणीतून बाहेर येणारी आई आणि डोळे चोळणारं पोर. काळोखाचा एक ठिपका नाही, तरी रात्र पटते.

इथे एक मोठी सावधगिरी. एडोतला सामान्य माणूस चाळीतल्या एका खोलीत राहायचा. गल्लीतल्या चाळीचं ठरावीक माप सुमारे 2.7 × 3.6 मीटर, त्यातच मातीची जमीन, चूल आणि साडेचार तातामी चटयांची जागा. चित्रांत मात्र प्रशस्त खोल्या, व्हरांडे आणि बागा दिसतात. चटयांच्या काठाच्या पट्ट्या मोजा. एका चटईची लांबी सुमारे 1.76 मीटर धरली तर खोलीचा आकार निघतो, आणि चित्रकाराने ग्राहकाला किती मोठं स्वप्न विकलंय ते कळतं.

महिना शोधा

1872 संपेपर्यंत जपानमध्ये चांद्र-सौर पंचांग होतं. नवं वर्ष जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येई, म्हणून चित्रातला ‘पहिला महिना’ जानेवारी समजू नका. बाहुल्यांची पायरी-पायरीची मांडणी तिसऱ्या महिन्यातल्या तिसऱ्या दिवसाची, कापडी किंवा कागदी मासे आणि योद्ध्यांच्या बाहुल्या पाचव्यातल्या पाचव्या दिवसाच्या, बांबूला बांधलेल्या रंगीत चिठ्ठ्या सातव्यातल्या सातव्याच्या. लाकडी फळी आणि पिसांचं फूल घेऊन खेळणाऱ्या मुली नव्या वर्षातल्या. डोक्याला पंचा, बाह्या दोरीने मागे बांधलेल्या आणि हातात बांबूचे झाडू, अशा बायका दिसल्या तर बाराव्या महिन्यातल्या तेराव्या दिवसाची जळमटं काढणी. ती एडोत एकाच दिवशी होई.

कपड्यांच्या अस्तराचीही तारीख असे. चौथ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी कापूस भरलेले कपडे काढायचे, पाचव्याच्या पाचव्याला बिनअस्तराचे घालायचे आणि नवव्याच्या नवव्याला पुन्हा भरलेले. गळ्याशी किती थर दिसतात ते मोजलं की महिन्याचा अंदाज येतो.

थट्टा ओळखा

इथे घरगुती चित्राचं खरं बौद्धिक सुख आहे. मिताते म्हणजे जुनी गोष्ट आजच्या वेषात दाखवणं. ती ओळखली नाही तर चित्र अर्धंच कळतं.

हारुनोबुची सुमारे 1766 ची ‘बैठकीतली आठ दृश्यं’ हा पहिला धडा. चिनी परंपरेत शिआओ आणि शिआंग नद्यांची आठ निसर्गदृश्यं प्रसिद्ध. हारुनोबुने ती घरात आणली. किटलीतल्या पाण्याचा उकळण्याचा आवाज म्हणजे रात्रीचा पाऊस. घड्याळाचे टोले म्हणजे संध्याकाळची मंदिराची घंटा. दांडीवर वाऱ्याने फुगलेले पंचे म्हणजे परतणारी शिडं. कोतो या वाद्याच्या तारांखालचे तिरके घोडे म्हणजे उतरणाऱ्या हंसांची रांग. गोल आरसा म्हणजे शरदाचा चंद्र, पंखा म्हणजे ढग पांगवणारा वारा, कंदिलाचा उजेड म्हणजे संध्येची लाली. आणि माझ्या मते सगळ्यांत हुशार ते शेवटचं: काळ्या रोगणाच्या बादलीवर रेशमाचा पांढरा तंतुपिसारा ताणून बसवतायत, तो म्हणजे डोंगरावरचं बर्फ. घरातली रोजची कामं डोंगर-नद्यांच्या तोडीला बसवली आहेत. पण चित्रात नदी कुठेच नाही, ती वाचकाने आणायची.

सराव म्हणून दोन सापळे लक्षात ठेवा. बाईच्या हातात मांजराची दोरी आणि मागे बांबूचा पडदा किंचित उचलला गेलाय, तर हे ‘गेन्जीची कथा’ या जुन्या जपानी कादंबरीतल्या तिसऱ्या राजकन्येचं रूप: तिच्या मांजरामुळे पडदा सरला आणि बाहेरच्या पुरुषाने तिला पाहिलं. नुसतं मांजर पुरेसं नाही, दोरी आणि पडदा दोन्ही हवेत. दुसरा सापळा: घंगाळात बाई कागद किंवा वही बुडवते आहे. हे धुणं नाही, ओनो नो कोमाची या जुन्या कवयित्रीची कथा आहे. तिने कविता चोरली असा आळ आला, तिने पुस्तक धुतलं आणि नंतर घुसडलेली शाई वाहून गेली. पाण्यात कापड असेल तर धुणं, कागद असेल तर कोमाची. चित्राच्या वर चौकटीत कविता किंवा आठ, सहा, सात असा आकडा शीर्षकात असेल तर मितातेची शक्यता धरूनच चाला.

शिक्का आणि हुकूम

घरगुती विषय एकदम वाढले की त्यामागे बहुधा सरकार असतं. 1793 मध्ये गणिकांखेरीज इतर बायकांची नावं चित्रावर छापायला बंदी आली. उतामारो वगैरेंनी नावाऐवजी चित्रकोडी घातली, तीही 1796 मध्ये बंद झाली. 1842 च्या तेनपो सुधारणांत नट, गणिका आणि गेइशा यांच्या चित्रांवर बंदी आली, आणि रंगांची संख्या व किंमत यांवर मर्यादा. प्रकाशकाने करायचं काय? तर कर्तव्यदक्ष गृहिणी, आज्ञाधारक मुलं आणि आईचं कौतुक. म्हणून 1840 च्या दशकातल्या सुशील बाईच्या चित्रात सुंदर चेहरा, भारी किमोनो सगळं आधीचंच असतं, वर फक्त उपदेशाचा मजकूर जोडलेला.

सनावळी चित्रावरच्या सरकारी तपासणीच्या शिक्क्यांवरून लावता येते. एकच छोटा गोल ‘किवामे’ शिक्का: साधारण 1791 ते 1842. एका तपासनिसाच्या नावाचा शिक्का: 1847 पर्यंत. दोन नावं: 1847 ते 1852. पुढे वर्षाचा प्राणी (बारा प्राण्यांच्या चक्रातला) आणि महिना सांगणारा तारखेचा शिक्का येतो, आणि 1853 ते 1857 त्याच्यासोबत ‘आरातामे’ असतो. 1858 मध्ये फक्त तारीख. 1859 पासून दोन्ही एकाच गोलात. हा तक्ता बहुतेक वेळा बरोबर उत्तर देतो, पण जुन्याच ठोकळ्यांवरून नंतर काढलेल्या प्रतीला मूळचा शिक्का तसाच राहतो, हे विसरू नका.

शिक्का नसला तरी रंग बोलतो. गर्द, स्वच्छ निळा साधारण 1830 नंतरचा, कारण प्रशियन निळा तेव्हा ठसाचित्रांत पसरला. भडक लाल आणि जांभळा 1860 च्या दशकानंतरचे, बाहेरून आलेल्या कृत्रिम रंगांचे. चित्रात रॉकेलचा दिवा, काचेची खिडकी, शिवणयंत्र दिसलं तर मेइजी काळ.

रंग उडालेत का, ते तपासा

1830 आधीच्या चित्रांत आज दिसणारा पिवळट तपकिरी रंग अनेकदा मूळचा नसतो. त्सुयुकुसा या रानफुलाचा निळा उजेडाने आणि दमटपणाने उडतो आणि मळकट पिवळसर उरतो. करडईच्या फुलांचा गुलाबी फिका पडतो. या दोघांच्या मिश्रणाचा जांभळा तपकिरी होतो. शेंदरी रंगात शिसं असतं, तो काळवंडतो. ‘जपानी लोकांना मातकट रंग आवडत’ असा निष्कर्ष काढण्याआधी बॉस्टनच्या स्पॉल्डिंग संग्रहातली त्याच चित्राची प्रत शोधा. 1921 मध्ये या सहा हजारांहून अधिक चित्रांचं दान झालं ते कधीही प्रदर्शनात लावायची नाहीत या अटीवर. त्यामुळे रंग टिकले आणि आता ती संगणकावर पाहता येतात. उतामारोच्या बाईच्या अंगावरचा जांभळा तिथे जांभळाच दिसतो.

घरी छापील प्रत लावणार असाल तर खिडकीसमोरची भिंत टाळा, काचेला कागद चिकटू देऊ नका, आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. मागे ओल आली की बुरशी आणि कसर दोन्ही येतात.

एक चित्र वाचून पाहू

हिरोशिगेच्या ‘एडोची शंभर प्रसिद्ध दृश्यं’ या मालिकेतलं 1857 चं ‘आसाकुसाची भातखाचरं आणि कोंबड्याच्या दिवसाची जत्रा’ घ्या. खिडकीच्या उंबऱ्यावर पांढरं मांजर पाठमोरं बसून बाहेर बघतंय. लांब फुजी आणि हंसांची रांग, खाली शेतांतून चाललेली माणसांची बारीक ओळ. घरगुती शांतता, असंच पहिलं मत होतं.

यादी करा. उंबऱ्यावर पाण्याचा वाडगा आणि निळा-पांढरा पंचा. चटईवर कागदात ठेवलेल्या केसांच्या पिना, पंज्यासारख्या फाट्यांच्या, म्हणजे जत्रेत विकल्या जाणाऱ्या नशिबाच्या लाकडी पंज्याची छोटी नक्कल. डावीकडे पडद्याची कड आणि तिच्याशी कागदाची गुंडाळी. माणूस एकही नाही. तारखेचा शिक्का सापाच्या वर्षाच्या अकराव्या महिन्याचा. जत्रा अकराव्या महिन्यातल्या कोंबड्याच्या दिवशी भरते, तर महिना जुळला. खिडकीच्या जाळीपलीकडे भातखाचरं आहेत, आणि आसाकुसाच्या खाचरांना लागून होती ती योशिवारा. जत्रेच्या दिवशी वस्तीत गर्दी होई आणि गणिकेला त्या दिवशी गिऱ्हाईक घ्यावंच लागे. पिना नुकत्या कुणी आणून दिल्या, त्या अजून कागदातच आहेत. पडद्यापलीकडे कोण आहे ते चित्र दाखवत नाही. वाडगा, पंचा आणि कागद मात्र हाताशी तयार ठेवलेले आहेत. मांजराच्या अंगावर शाई नाही. लवकरच्या प्रतींत कागद कोऱ्या ठोकळ्यावर दाबून त्याला उठाव दिलेला आहे. म्हणून अशी प्रत हाती आली तर ती समोरून उजेडात धरू नका, बाजूने दिवा लावा.